ऑटोफॅजी, स्वभक्षण आणि 'भज्' धातू

एका वाचकाने दोन गोष्टी विचारल्या आहेत. जपानी पेशीवैज्ञानिक योशिनोरी ओसुमी यांच्या संशोधनाविषयी मराठीत लिहिताना 'ऑटोफॅजी'साठी, म्हणजे पेशीने आपलेच घटक तोडून पुन्हा वापरण्याच्या क्रियेसाठी, 'स्वभक्षण' वापरावा की 'स्वपचन', आणि 'मी रोज सोळा तास ऑटोफॅजी करतो' हे वाक्य चालेल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: मुळीच चालणार नाही. माणूस करतो तो उपवास. ऑटोफॅजी पेशीत होते, आणि अन्नाची ददात नसतानाही ती मंद गतीने चालूच असते. उपासमारीत तिचा वेग वाढतो, एवढ्यावरून उपवासालाच ऑटोफॅजी म्हणायचे, हा प्रकार वारंवार कानी पडतो आणि प्रत्येक वेळी खटकतो.

पहिल्या प्रश्नाचा निकाल तर ओसुमींच्या प्रयोगातच लागलेला आहे. 1988 साली टोकियो विद्यापीठात स्वतःची प्रयोगशाळा सुरू केल्यावर त्यांनी यीस्टच्या रिक्तिकेवर (व्हॅक्यूओल), म्हणजे पेशीतील घटक जेथे तोडले जातात त्या पिशवीवर, लक्ष केंद्रित केले. रिक्तिकेतील प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम) ज्यांत नाहीत असे यीस्टचे वाण घेऊन त्यांनी ते नायट्रोजनविना उपाशी ठेवले, तेव्हा काही तासांतच रिक्तिकेत बारीक गोल पुटिका, म्हणजे पटलाच्या चिमुकल्या पिशव्या, साचून अखंड थरथरताना साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकातून दिसू लागल्या. पेशीने आपलाच ऐवज आत ओढला होता. तोडणारी विकरे नसल्यामुळे तो तसाच पडून राहिला होता. म्हणजे भक्षण झाले होते, पचन मात्र झाले नव्हते. ज्या यीस्टमध्ये अशा पुटिका साचतच नाहीत ते उत्परिवर्ती, म्हणजे जनुकात बदल झालेले वाण, शोधत 1993 साली त्यांनी या क्रियेला आवश्यक अशी 15 जनुके दाखवून दिली, आणि पुढे 2016 चे नोबेल पारितोषिक ज्या कामासाठी मिळाले त्याचा पाया हाच होता. 'स्वपचन' हा शब्द सुचवणाऱ्यांनी या प्रयोगाचे वर्णन त्याच शब्दात करून दाखवावे. ते होणार नाही.

आता 'भक्षण' या शब्दाकडे वळतो, कारण खरी गंमत तेथे आहे. पेशीविज्ञानात 'ऑटोफॅजी' हा शब्द बेल्जियमचे ख्रिस्तियन द दूव यांनी 1963 साली रूढ केला. 1949 साली यकृताच्या पेशींवर काम करताना एक विकर ताज्या नमुन्यात फारच क्षीण आणि काही दिवस थंडीत ठेवलेल्या नमुन्यात जोमदार का दिसते, या कोड्याचा त्यांनी पाठपुरावा केला. विकर एका आवरणात बंदिस्त आहे असा त्याचा उलगडा झाला, आणि त्यातूनच 1955 साली लायसोसोम, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांतील लयकारिका, पेशीची पचनाची पिशवी, विज्ञानाला मिळाली. द दूव यांनी 'ऑटोफॅजी' या नावासाठी घेतलेल्या ग्रीक शब्दांपैकी 'ऑटोस' म्हणजे स्वतः आणि 'फॅगेइन' म्हणजे खाणे. हा 'फॅगेइन' आपल्या 'भज्' धातूचा सख्खा भाऊ आहे. 'भज्'चा मूळ अर्थ वाटणे, वाटा देणे असा असून भाग, विभाजन आणि विभक्त हे शब्द त्याच्याच कुळातले आहेत. संस्कृतात 'भक्त' म्हणजे वाट्याला आलेले अन्नसुद्धा. ग्रीकमध्ये वाटा मिळण्यावरून अर्थ खाण्याकडे सरकला. 'भक्ष्' हा त्याच 'भज्'चा विस्तार आहे, असे तौलनिक भाषाशास्त्र सांगते.

येथे परंपरेशी माझा मतभेद आहे. धातुपाठ, म्हणजे संस्कृत व्याकरणातील धातूंची पारंपरिक यादी, 'भज सेवायाम्' (सेवा करणे) आणि 'भक्ष अदने' (खाणे) असे दोन वेगळे धातू देतो, आणि तेवढ्या आधारावर त्यांचा संबंध नाकारणारे पंडित आजही भेटतात. धातुपाठ ही रूपसिद्धीची सोय आहे, तो शब्दांचा जन्मदाखला नव्हे; व्युत्पत्तीच्या वादात त्याला शेवटचा शब्द देता येत नाही.

माझे मत याहून एक पाऊल पुढे जाते. ऑटोफॅजीत पेशी स्वतःला सरसकट गिळत नाही. एक दुहेरी पटल पेशीद्रव्याचा काही भाग वेढून वेगळा काढते, तो लयकारिकेकडे किंवा यीस्टमध्ये रिक्तिकेकडे जातो आणि तुटून निघालेली अमिनो आम्ले पेशीला पुन्हा वापरायला मिळतात. आधी वाटा वेगळा काढणे आणि मग तो खाणे, हा 'भज्'पासून 'भक्ष्'पर्यंतचा अर्थप्रवास पेशीत पायरीपायरीने घडतो. द दूव यांच्या मनात हे नसेलही. शब्दाच्या पोटात मात्र ते आहे, आणि 'स्वभक्षण' लिहिले की मराठीत ते आपोआप येते.

या शब्दाने पुढची सोयही होते. तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) खाल्ली जाते तेव्हा 'तंतुकणिकाभक्षण' म्हणता येते, आणि पेरॉक्सिसोम हा पेशीतील आणखी एक घटक खाल्ला जातो तेव्हा 'पेरॉक्सिसोमभक्षण'. पेरॉक्सिसोम हे नावही द दूव यांनीच दिलेले आहे.