शहरातली नोकरी सोडून शेतावर राहायला गेलेली माणसं पुढे सुखी होतात का? असं कुणाला जवळून पाहिलंय?

पाहिलंय. माझ्या सासूबाई. या फेब्रुवारीत त्या गेल्या, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझं सासर अमेरिकेत, मेन राज्यात, पेनॉबस्कॉट उपसागराच्या जवळ. सासू-सासरे १९७३ साली बॉस्टनमधल्या नोकऱ्या सोडून तिथे आले. तेव्हा तशी लाटच होती. व्हिएतनामच्या युद्धाने पोरं वैतागली होती आणि समोर हेलन आणि स्कॉट निअरिंग यांचं उदाहरण होतं. हे जोडपं १९३२ मध्ये न्यूयॉर्क सोडून व्हरमाँटच्या डोंगरात गेलं आणि १९५२ मध्ये मेनला आलं. या जगण्यावरचं त्यांचं १९५४ चं पुस्तक १९७० मध्ये पुन्हा निघालं, तशी तरुण मंडळी पाठीवर पिशव्या टाकून त्यांच्या दारात येऊ लागली. अर्धा दिवस अंगमेहनत, उरलेला वेळ वाचन-लेखनाला, असा त्यांचा हिशोब. सासूबाईसुद्धा एकदा तिथे जाऊन दगड वाहून आल्या होत्या. "माणसं सच्ची होती," त्या म्हणायच्या, "पण हेलनला मूल नव्हतं. मग बसतं अर्ध्या दिवसाचं गणित."

सासू-सासऱ्यांना तीन मुलं. पहिली सहा वर्षं घरात वीज नव्हती. तिथे शेतीला धड चार महिने मिळतात; मे संपेपर्यंत रात्री पाणी गोठवणारी थंडी पडू शकते आणि सप्टेंबरअखेर ती परत हजर. जळणाचं लाकूड कॉर्डमध्ये मोजतात. एक कॉर्ड म्हणजे चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब असा रचलेला ढीग, १२८ घनफूट. यांना हिवाळ्याला सहा लागायचे. आणि जमीन? हिमनद्यांनी टाकलेल्या दगडगोट्यांनी भरलेली. थंडीत माती गोठून फुगते आणि खालचा दगड वर ढकलते, त्यामुळे गेल्या वर्षी वेचून साफ केलेल्या वाफ्यात यंदा पुन्हा दगड. "आमचं हमखास पीक," असं सासरे म्हणायचे.

बरोबरीने आलेली बहुतेक कुटुंबं दहा वर्षांत परत गेली. सासूबाई टिकल्या त्या शेतीच्या जोरावर नव्हे, हे स्पष्ट सांगते. त्यांनी बावीस वर्षं शाळेची बस चालवली. त्या नोकरीने आरोग्य विमा दिला आणि रोख पैसा दिला. शेत पोट भरायचं, बिलं बस भरायची. शेतीकडे वळायचा विचार असेल तर एवढं वाक्य लक्षात ठेवा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

मुलांना काय मिळालं? हे लिहावं की नाही, याचा मी विचार केला. माझ्या नवऱ्याच्या आठवणीतली आई सतत दमलेली आणि चिडकी आहे. आमच्या मुली तिच्या अंगाखांद्यावर खेळताना पाहून तो एकदा हळूच म्हणाला, "ही बाई आमच्या वाट्याला आलीच नाही." त्यांनाही ते ठाऊक होतं. मी त्यांना 'आई' म्हणायचे (तिथे सुना सासूला सरळ नावाने हाक मारतात, मला ते शेवटपर्यंत जमलं नाही) आणि त्या हसून म्हणायच्या, "मी आई व्हायला जरा उशिराच शिकले."

नातींसाठी मात्र त्या 'ग्रॅमी'. त्यांना कधी खेळणी आणताना मी पाहिलं नाही. चाललेल्या कामातलाच एक तुकडा पोरीच्या हातात द्यायच्या, आणि तो खरा असायचा. पोरीने तो केला नाही तर काम अडायचं.

मार्च महिना म्हणजे मेपलचा रस. रात्री गोठणारं आणि दिवसा वितळणारं हवामान आलं की झाडं पाझरू लागतात. साधारण चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर पाक होतो. पहिल्यांदा चाखला तेव्हा मी 'काकवी!' असं ओरडलेच. उथळ रुंद कढईत रस उकळताना अचानक फेस चढतो आणि काठापर्यंत येतो. तेव्हा लोण्याचा इवलासा तुकडा टाकला की फेस झटकन बसतो. हे काम धाकटीचं. पाच वर्षांची होती. स्टुलावर उभी, एका हातात लोण्याची बशी, डोळे कढईवर, तासन्‌तास. ग्रॅमी पाठीमागे लाकडं सारायच्या, पण फेस चढला तरी हात पुढे करायच्या नाहीत. एकदा पोरीचं लक्ष उडालं आणि बराच पाक चुलीत गेला. घरभर जळक्या साखरेचा वास. मी धावले. त्या शांतपणे म्हणाल्या, "आता पुढच्या वेळी आधीच बघेल," आणि फडकं तिच्याच हातात दिलं. पाक झाला की नाही ते पळीच्या कडेवरून त्याचा पडदा पडतो का, यावरून पाहायचं. मी त्यांना बोटात तार काढून दाखवली, तेव्हा बोट भाजून घेऊनही त्या खूश झाल्या होत्या.

त्यांची एक वही असायची. रोज एक ओळ: तापमान, अंडी, काय पेरलं. थोरलीच्या जन्माच्या दिवशीची एप्रिलमधली ओळ अशी आहे: "२९ अंश. अंडी ९. नात झाली, ७ पौंड २ औंस. मटार पेरायचे राहिले." (तिथले अंश फॅरनहाइट, म्हणजे गोठणबिंदूच्या जरा खाली.)

तर, सुखी होत्या का? शेवटची पंधरा वर्षं, निःसंशय. त्याआधीची तीस? त्यांनी स्वतः कधी 'हो' म्हटलेलं मी ऐकलं नाही.

त्या गेल्या तेव्हा जमीन दगडासारखी गोठलेली होती. महिनाभराने रस सुरू झाला. कढई कुणी लावायची, यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. थोरलीने चूल पेटवली, धाकटीने लोणी शोधलं. रात्री वही उघडून पाहिली तर त्या दिवसाची ओळ लिहिलेली होती, अक्षर थोरलीचं: "४१ अंश. रस १८ बादल्या. अंडी मोजायची राहिली."