फादर सांतापाव कोण होते? झाडांना नावं देण्यापलीकडे त्यांनी काय केलं?

तुम्ही विचारलंय की सह्याद्रीतल्या फुलांबद्दल वाचताना 'सांतापाव' हे नाव सारखं भेटतं, तर हे कोण आणि त्यांच्या कामाचा आज उपयोग काय. एम.एस्सी.ला असताना त्यांच्या खंडाळ्याच्या फ्लोराची, म्हणजे तिथल्या सगळ्या वनस्पतींची वर्णनं असलेल्या ग्रंथाची, झेरॉक्स घेऊन मी दोन पावसाळे घाटात हिंडलोय, म्हणून उत्तर देतो.

फादर हेर्मेनेगिल्ड सांतापाव जन्माने स्पॅनिश, 1903 सालचे. जेझुइट धर्मगुरू म्हणून भारतात आले आणि इथलेच झाले, नागरिकत्वही घेतलं. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवलं, तिथलं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे कागदावर सुकवून ठेवलेल्या वनस्पतींचा संग्रह, सांभाळलं. 1961 ते 1967 भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक होते. 1967 मध्ये पद्मश्री मिळाली, 1970 मध्ये मुंबईतच गेले.

पण मला त्यांचं मोठेपण खंडाळ्यात दिसतं. त्यांच्या आधी थिओडोर कुक यांनी सगळ्या मुंबई इलाख्याचा फ्लोरा लिहिला होता, 1901 ते 1908 या काळात. तो ग्रंथ थोरच, पण इलाखा केवढा! त्यात एखाद्या झुडपापुढे नुसतं 'कोकण' एवढंच असलं की आपण शोधायचं कुठे? सांतापावांनी एकच घाट धरला आणि तिथे पुन्हा पुन्हा जात राहिले. त्यातून 1953 मध्ये खंडाळ्याचा फ्लोरा आला, पुढे पुरंदरचा. त्याआधी 1951 मध्ये मुंबई इलाख्यातल्या अ‍ॅकँथेसी कुळावर, म्हणजे आपल्या कारवीच्या, अडुळशाच्या कुळावर, त्यांनी वेगळा ग्रंथ लिहिला होता.

हे कुळ भल्याभल्यांना रडवतं. छत्री मानेत धरून, भिंगाखाली एवढंसं फूल टाचणीने उकलायचं आणि पुंकेसर मोजायचे: दोन की चार? तिथे चुकलात की 'की'मध्ये, म्हणजे एकेक लक्षण निवडत झाडाच्या नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्यात, भलत्याच वाटेला लागता. त्यांच्या वर्णनाशी समोरचं झाड जुळलं की होणारा आनंद मी अजून विसरलेलो नाही.

आता उपयोगाचं. हर्बेरियमच्या शीटवर कारवीचं जांभळं फूल सुकून तपकिरी होतं. म्हणून रंग लेबलवर लिहायचा, शिवाय ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. माझ्या मते त्यातली तारीख सर्वांत मोलाची. कारवी सात वर्षांनी फुलते असं आपण सहज म्हणतो, पण बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती 2008 मध्ये बहरली आणि मग 2016 मध्ये. म्हणजे आठव्या वर्षी. असं चक्र मागच्या शतकात ताडून बघायचं तर कुणीतरी तारीख घालून ठेवलेली फुलोऱ्याची फांदीच लागते. फोटो तेव्हा कोण काढत होतं? खंडाळ्यात आज जिथे बंगले आहेत तिथे पूर्वी काय उगवायचं, हेही अशा नोंदींवरूनच कळतं.

त्यांच्या नावाने 1963 मध्ये 'सांतापावा' ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) केली होती, तीही अ‍ॅकँथेसीतलीच. पुढच्या अभ्यासकांनी ती तालिमखान्याच्या प्रजातीत, हायग्रोफिलात, विलीन केली. एका कंदीलपुष्पाला मात्र त्यांचं नाव टिकून आहे: सेरोपेजिया सांतापावी. ते फक्त आपल्या महाराष्ट्रात सापडतं. पावसाळ्यात सह्याद्रीत कुठे दिसलं तर कृपा करून उपटू नका, खाली कंद असतो.