रवांडा इतका शिस्तीचा, मग केनिया का नाही? विकासाला कडक हातच लागतो का?

तुम्ही विचारलंय की रवांडा एवढासा देश असून चकाचक, आणि केनिया मात्र घोटाळ्यांनीच गाजतो, तर पूर्व आफ्रिकेत कडक हाताशिवाय काही चालत नाही का. माझे थोरले दीर कामानिमित्त एकदा रवांडाच्या राजधानीला, किगालीला जाऊन आले, तेव्हापासून घरात हेच ऐकतेय. मी केनियात बरीच वर्षं नोकरी केली आहे, म्हणून लिहिते.

किगालीबद्दल वाद नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर तिथे २००८ पासून बंदी आहे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी लोक फावडी-झाडू घेऊन 'उमुगांडा'ला, म्हणजे सामुदायिक श्रमदानाला निघतात. २००६ पासून जिल्ह्यांचे महापौर थेट राष्ट्राध्यक्षांशी 'इमिहिगो' करार करतात, अमुक रस्ते, तमुक शाळा, आणि वर्षाअखेर त्याचं मोजमाप होतं. पण तो महापौर उत्तर देतो ते वरच्याला. आपल्या गावाला रस्त्याआधी पाणी हवं होतं, हे खालचा माणूस कुठे आणि कुणाच्या जोरावर सांगणार? २०२४ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांना ९९ टक्क्यांहून जास्त मतं पडली. यावरून काय ते समजा.

केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेने ४७ काउंटी (आपल्या जिल्ह्यांसारखे, पण स्वतःचं सरकार असलेले विभाग) केल्या, देशाच्या महसुलातला किमान १५ टक्के वाटा त्यांना द्यायचा ठरला आणि अर्थसंकल्पात लोकांना विचारणं सक्तीचं केलं. ते विचारणं कसं चालतं ते मी पाहिलंय. पश्चिम केनियातल्या एका गावात हार्डवेअरच्या दुकानाचे हिशेब मी बघायचे. दुकान बाजाराला लागून. मार्च ते मे पावसाचे, गटार नाही, दरवर्षी गोदामात पाणी आणि सिमेंटच्या गोण्या दगड. म्हणून मालकांनी मला काउंटीच्या बजेट-सभेला पाठवलं.

मंडप, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा, मांदाझी (तळलेले गोडसर पाव). प्रवासखर्च म्हणून थोडे शिलिंग मिळणार होते, त्यामुळे गर्दी बऱ्यापैकी. कागद म्हणजे चार पानांचा गोषवारा, तोही पुढच्या रांगेपुरता. खरं तर संपूर्ण मसुदा आधी लोकांच्या हातात हवा. अधिकाऱ्याने वाचून दाखवलं: बाजारातलं गटार, गेल्या वर्षी, काम पूर्ण.

भाजी विकणारी एक बाई उठली. "साहेब, मी रोज तिथेच बसते. पाय पाण्यात असतात. गटार कुठे आहे?"

साहेब म्हणाले, ते दुसऱ्या वॉर्डातलं असेल. तिने वॉर्डनिहाय पान मागितलं. ते ऑफिसात होतं. तेवढ्यात हजेरीची वही फिरत तिच्यापाशी आली: नाव, ओळखपत्राचा नंबर, फोन, सही. तिने पेन खाली ठेवलं. "आधी पान आणा, मग सही. ही सही तुम्ही उद्या 'लोकांना विचारलं' म्हणून दाखवाल." तिच्या मागच्या बायकांनीही वही पुढे ढकलली नाही. चहाची रांग थांबली, प्रवासखर्चाचं वाटप थांबलं. शेवटी एका शिपायाला मोटरसायकलवरून ऑफिसात पिटाळलं. पान आलं. गटार आमच्याच वॉर्डातलं होतं, पैसे खर्ची पडलेले होते.

पुढे बायकांनी अर्ज दिले, काउंटी असेंब्लीतल्या आमच्या सदस्याच्या दारात जाऊन बसल्या, आणि निम्मं गटार झालं. निम्मंच. उरलेल्या पैशांचा जाब कुणी दिला नाही आणि कुणावर कारवाईही झाली नाही, याचा राग मला आजही आहे.

दीर म्हणतात, "बघ, एका गटाराला एवढा तमाशा." माझं म्हणणं, तो तमाशा करता येतो हीच केनियाची कमाई. केनियाच्या किनाऱ्यावरच्या लामूचंच घ्या. जागतिक वारसा असलेल्या त्या जुन्या बंदराजवळ १,०५० मेगावॅटचा कोळशाचा वीजप्रकल्प व्हायचा होता, सरकारी परवानाही मिळाला होता. स्थानिक लोक राष्ट्रीय पर्यावरण न्यायाधिकरणात गेले आणि जून २०१९ मध्ये परवाना रद्द झाला. एक मोठं कारण हेच की पर्यावरण अहवाल तयार झाल्यावर लोकांना नीट विचारलंच नव्हतं. आधी घेतलेल्या ओळखपर सभा पुरेशा धरल्या नाहीत. कडक हाताच्या देशात तिथे आज धुराडं उभं असतं, आणि त्यालाच विकास म्हटलं गेलं असतं.

युगांडातही हेच दिसलं. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात प्राथमिक शाळांसाठी निघालेल्या अनुदानातले सरासरी जेमतेम १३ टक्के शाळेपर्यंत पोचत होते. मग सरकारने कुठल्या जिल्ह्याला किती पैसे पाठवले ते वर्तमानपत्रात छापायला आणि शाळेच्या दारावर लावायला सुरुवात केली. गळती खूप कमी झाली. त्यातलं श्रेय छापण्याला किती आणि त्याच काळातल्या इतर सुधारणांना किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, तेही सांगून ठेवते.

आणि हो, केनिया स्वच्छ आहे असं मी म्हणत नाही. भ्रष्टाचाराच्या जागतिक यादीत रवांडा केनियापेक्षा कितीतरी स्वच्छ ठरतो. महालेखापालांचे अहवाल दरवर्षी येतात, बरेचसे धूळ खातात. आवाज उठवण्याची किंमतही जबर: जून २०२४ मध्ये करवाढीच्या विधेयकाविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले, संसदेपाशी पोलिसांनी गोळ्या घातल्या, माणसं गेली, आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी विधेयकावर सही करायला नकार दिला. रवांडाने १९९४ चा नरसंहार भोगलाय, तिथल्या लोकांना शांतता आधी हवी असेल तर त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

पण तुम्ही अभ्यास करत असाल, तर रस्ते किती स्वच्छ हे पाहून निष्कर्ष काढू नका. बजेटचं पान मागणाऱ्या बाईचं पुढे काय होतं, ते दोन्ही देशांत जाऊन बघा. दिरांनाही मी हेच सांगते: किगालीत तुम्ही विमानतळ, हॉटेल आणि सभागृह पाहिलंत, जिल्ह्याच्या एकाही सभेला बसला नाहीत.