मोसंबी-संत्र्याची साल जाड होतेय, फळ तडकतंय? आधी खताचा हिशोब बघा

सध्या तीन प्रश्न सारखे येतायत. साल जाड आणि रस कमी, फळं झाडावरच तडकतायत, आणि तिसरं म्हणजे वरून फळ ठीक दिसतं पण सालीवर खोलगट वेड्यावाकड्या रेघा पडतात नि हाताळताना तिथंच फुटतं. तिन्हीत लोक पहिलं विचारतात कुठला स्प्रे मारू, पण स्प्रेच्या आधी वर्षभरात काय काय टाकलं ते आठवा.

जाड, खरबरीत साल आणि रंग उशिरा, तर बहुतेक वेळा युरिया, म्हणजे नत्र (नायट्रोजन), जास्त झालेला असतो. झाड हिरवंगार दिसतं म्हणून आपण खुश, पण फळाची क्वालिटी जाते. फळ मोठं असताना अजून नत्र टाकणं तर बंदच करा. पोटॅश फार झालं तरी साल जाड होते आणि आंबटपणा वाढतो, हेही ध्यानात ठेवा.

तडकणं आणि त्या रेघा याचं उलटं आहे. पोटॅश कमी पडलं की साल पातळ राहते, त्यात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर टाकत असाल तर अजून पातळ, मग आतला गर फुगला की साल ताण सहन करत नाही. पाण्याचा वाटा यात मोठा आहे, जमीन कडक सुकवून एकदम भरपूर पाणी दिलं तर खत कितीही बरोबर असो फळ तडकणारच. चुनखडीच्या जमिनीत पोटॅश असूनही झाडाला नीट मिळत नाही, तिथं 13:0:45 (पोटॅशियम नायट्रेट, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला 10 ग्रॅम, फळ लहान असतानाच फवारा, सकाळी किंवा संध्याकाळी.

कॅल्शियमचं म्हणाल तर ते पानात गेलं की तिथून फळात येत नाही, फळात जायचं ते मुख्यतः सेटिंगनंतरच्या (फळ धरल्यानंतरच्या) पहिल्या काही आठवड्यांतच जातं. तडकायला लागल्यावर कॅल्शियम मारणं म्हणजे पैसे वाया.

फळ कडक, कापल्यावर पांढऱ्या सालीत डिंक, बिया काळपट नि पोचट असतील तर बोरॉन (झाडाला अगदी थोडं लागणारं अन्नद्रव्य) कमी असल्याची शंका घ्या. पण अंदाजाने टाकू नका, बोरॉन थोडं जास्त झालं तरी पानं करपतात. फळ न लागलेल्या फांदीवरची 4 ते 6 महिन्यांची पानं तपासायला द्या, नत्र साधारण 2.5 ते 2.7 टक्के आणि पोटॅश 1.2 ते 1.7 टक्के असेल तर दोन्ही ठीक समजा. रिपोर्ट आला की पाणी कसं देता तेही सोबत लिहून पाठवा, त्याशिवाय डोस सांगणार नाही.