गाडी पळताना ठीक, सिग्नलला उभी राहिली की गरम होते. रेडिएटर बदलावा का?

म्हणजे तुमची १२ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक सातारा रस्त्याला ऐंशी-नव्वदने पळवली तर काटा निम्म्यावरून हलत नाही, पण स्वारगेटच्या सिग्नलला पाच-दहा मिनिटं अडकलात की वर सरकायला लागतो. आणि गॅरेजवाला म्हणतोय, रेडिएटर बदला.

इतक्यात बदलू नका. गाडी पळत असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो, पंखा नसला तरी फारसं अडत नाही. उभ्या गाडीला वारा कुठून येणार? तिथे सगळी भिस्त पंख्यावर. रेडिएटर आतून चोंदलेला असता तर काटा आधी खंबाटकीच्या चढाला वर गेला असता, कारण इंजिनाला खरं काम तिथे पडतं. तुमचं नेमकं उलट आहे.

सकाळी गाडी गार असताना कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, पातळी बघा. कमी असेल तर आधी गळती शोधा, पुढचं सगळं नंतर. पातळी बरोबर असेल तर गाडी चालू करून एसी लावा आणि बोनेट उघडा. बहुतेक गाड्यांत एसी लावल्यावर थोड्याच वेळात रेडिएटरचा पंखा फिरायला हवा. मग एसी बंद करून गाडी तशीच उभी ठेवा, वीसेक मिनिटं. साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास पंखा आपणहून सुरू व्हायला हवा. काटा निम्म्याच्या वर जाऊ लागला आणि पंखा गप्प, तर तिथेच थांबा आणि गाडी बंद करा. बऱ्याच गाड्यांत हा काटा मुद्दाम निम्म्यावर स्थिर ठेवलेला असतो, त्यामुळे तो हलला म्हणजे पाणी आधीच बरंच तापलेलं असतं.

माझ्या गाडीला हेच झालं होतं. मलाही आधी रेडिएटर सांगितला गेला, मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप. शेवटी एका रविवारी मीच पार्किंगमध्ये बोनेट उघडून बसलो. एसी लावला की रिलेचा, म्हणजे पंख्याला करंट सोडणाऱ्या स्विचचा, 'टक' आवाज येत होता, पण पंखा जागचा हलत नव्हता. म्हणजे हुकूम सुटत होता, शिपाई उठत नव्हता. गाडी बंद केली, पंख्याचा कपलर (वायरींचा प्लग) काढला आणि दोन वायरींनी मोटरला थेट बॅटरीवरून करंट दिला. तरी काही नाही. खराट्याची एक लांब काडी घेऊन पात्याला हलकेच ढोसलं, तर पंखा असा भर्रकन सुटला की काडीचं टोक उडून गेलं! मोटरमधले कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला टेकून करंट देणारे तुकडे, झिजले होते. कधी टेकायचे, कधी नाही. त्यामुळेच गॅरेजमध्ये दाखवायला नेली की पंखा शहाण्यासारखा फिरायचा. ऑटो इलेक्ट्रिशियनने कार्बन बदलून दिले, आठ महिने चालले, मग मी मोटरच नवी घातली. पहिल्यांदाच घातली असती तर बरं झालं असतं.

थेट करंट दिल्यावर तुमचा पंखा व्यवस्थित फिरला तर मोटर चांगली आहे, दोष मोटरच्या आधी, करंट येण्याच्या वाटेवर आहे. फ्यूज बघा. रिले बघा, फ्यूज बॉक्समध्ये बहुतेकदा त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, अनेकदा हॉर्नचा, तो अदलाबदल करून बघायला दोन मिनिटं लागतात. कपलरची पिन काळी पडलीय का, प्लास्टिक वितळलंय का, तेही बघा. एसी लावल्यावर पंखा फिरतो पण नुसत्या गरमीवर फिरत नाही, असं असेल तर टेम्परेचर सेन्सरवर संशय घ्या. बऱ्याच गाड्यांत चालू इंजिनावर या सेन्सरचा कपलर काढला की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सावधगिरी म्हणून पंखा चालू करतो. चेक इंजिनचा दिवा लागेल, घाबरू नका.

पंखा फिरतोय तरीही गाडी तापतेय? मग जाळीतून आत बघा. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची रेडिएटरसारखी जाळी, रेडिएटरच्या पुढे असतो आणि दोघांच्या फटीत चिखल, किडे, पाचोळा घट्ट बसतो. गाडी गार असताना इंजिनाच्या बाजूने बाहेर असं पाणी मारा, पण हलक्या धारेने. प्रेशर वॉशरने रेडिएटरची पातळ पाती वाकतात. त्यानंतर रेडिएटरची कॅप. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तेवढा दाब ती धरून ठेवते म्हणून कूलंट लवकर उकळत नाही. रबर कडक झालं असेल तर त्याच आकड्याची नवी घाला, सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच. अलीकडे कूलंट बदललं असेल तर आत हवा अडकली असण्याची शक्यता आहे. वॉटर बॉडीचं, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाचं, आतलं चक्र गंजलं असेल तरी आयडलिंगला पाणी नीट फिरत नाही.

कोणी 'थर्मोस्टॅट काढूनच टाकू' म्हणालं तर हात जोडा. इंजिन कायम गार राहतं, पेट्रोल जास्त पितं, आणि मूळ आजार तसाच. बोअरचं पाणी भरणाराही तोच असतो, त्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात.

दोन गोष्टी मात्र नक्की पाळा. गरम गाडीची कॅप उघडू नका, वाफेने चेहरा भाजतो. आणि पंख्याजवळ बोटं नेताना बॅटरीची वायर काढा, काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो.

दुरुस्ती होईपर्यंत सिग्नलला काटा चढू लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल करा. पुण्याच्या उन्हात ही शिक्षाच आहे, पण इंजिनाची बरीच उष्णता केबिनमध्ये निघून येते. काटा लाल रेषेकडे गेला तर बाजूला घेऊन बंदच करा. तशीच दामटली तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, जातं, आणि मग रेडिएटरचं बिल किरकोळ वाटेल.