कधी जातलंस?

"नोकरी गेल्यापासून हे नुसते पडून असतात. आळशी झाले की काय?" मी समुपदेशन करते. मंदीच्या दिवसांत हा प्रश्न मला बायकाच विचारतात, पुरुष आपणहून क्वचित येतात. 2020च्या नोव्हेंबरात कुडाळकडच्या एका गावातून असंच एक जोडपं आलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

तो बारा वर्षं मुंबईतल्या एका हॉटेलात स्वयंपाकी. लॉकडाऊनमध्ये हॉटेलचं काम थांबलं, त्याला काढलं आणि मे महिन्यात बिऱ्हाड गावी आलं. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचा जीडीपी आदल्या वर्षीपेक्षा जवळपास 24 टक्क्यांनी घसरला होता. पण त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसलेली: "दोघांना ठेवलं, मला काढलं. म्हणजे खोट माझ्यातच."

बायकोने एक गोष्ट सांगितली, ती मला जास्त महत्त्वाची वाटली. तो दळण टाकायलाही पाणंदीने, मागच्या वाटेने जायचा. रस्त्यावर भेटेल तो विचारायचा, "कधी इलंस? कधी जातलंस?" (कधी आलास, कधी जाणार?) चाकरमान्याला विचारायचा हा खरं तर मायेचा प्रश्न. गणपतीला आला की त्याचं उत्तर तोंडावर असायचं. आता 'कधी जातलंस' ऐकलं की त्याच्या पोटात खड्डा पडे.

पहिल्या भेटीत मी चूक केली. "होईल सगळं ठीक," म्हणाले. पुढचे पंधरा दिवस तो फिरकला नाही, आणि बरोबरच होतं त्याचं.

दुसऱ्या वेळी आधी सरळ विचारलं, "जीव नकोसा वाटतो का?" बराच वेळ गेला. "मध्ये वाटलेला," म्हणाला. त्याच आठवड्यात त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. असा विचार मनात आला तर भेटीची वाट पाहू नये. आता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो.

मग त्याला मारिएन्थालबद्दल सांगितलं. महामंदीत ऑस्ट्रियातल्या या गावातली गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. वाटेल, रिकामा वेळ मिळाला तर लोक वाचतील. तिथे राहून अभ्यास करणाऱ्यांना उलटंच दिसलं. वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. पुरुष रस्त्याने हळू चालत, मध्येच थांबत. बायकांना मात्र घरकामातून उसंत नव्हती. अमेरिकेत 1933 साली साधारण दर चौथा कामगार बेकार होता. "एवढे सगळे नालायक?" मी विचारलं. तो पहिल्यांदा हसला, तेही कसनुसं.

'दुसरी नोकरी शोध' असं मी इतक्यात सांगत नाही. आधी दिवसाला आकार हवा. ठरलं एवढंच: सकाळी सातला उठून काजूच्या बागेतलं रान काढायचं, आणि संध्याकाळचा स्वयंपाक त्याने करायचा. दुसऱ्या अटीवर तिच्या सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. बांगड्याची आमटी खाल्ल्यावर गप्प बसल्या.

जानेवारीत तो म्हणाला, "टपरीवर गेलंय काल. इचारल्यानी, कधी जातलंस. सांगितलंय, सध्या हंयच आसंय."

मग थोडं थांबून म्हणाला, हिच्या पाटल्या अजून पतपेढीत गहाण आहेत, मुदत मार्चची. पुढची भेट आम्ही त्यासाठीच ठेवली. पासबुक घेऊन या म्हटलं, दोघंही.