उणे ८० अंशांत राहणारा परग्रहावरचा प्राणी कसा असेल?

तुम्ही विचारलंय की कथेतल्या ग्रहावर तापमान उणे ८० अंश आहे, तिथला प्राणी दाट लोकरीचा, जाड चरबीचा आणि थेट यानावर झडप घालणारा आहे, तर वाचकाला तो पटेल का? झडप ठेवता येईल. लोकर आणि चरबी मात्र काढून टाका. आधी त्याच्या अंगात कोणता द्रव वाहतो ते ठरवा, बाकीचं शरीर त्यावरून ठरत जाईल.

लोकर ऊब तयार करत नाही, फक्त आतली ऊब बाहेर जायला उशीर लावते. जिथे बारा महिने उणे ८० आणि खायला जेमतेम, तिथे अंग गरम ठेवण्यातच जीवाची सगळी कमाई संपेल. त्याचं अंगही उणे ८० असू द्या.

आता गोठण्याचं. मी रत्नागिरीत बर्फाच्या कारखान्यात मशिनवर असतो. आमच्याकडे पाण्याचे डबे मिठाच्या पाण्यात सोडतात. ते खारं पाणी उणे १० च्या आसपास असूनही वाहतं राहतं आणि डब्यातलं गोडं पाणी कडेकडून आत गोठत जातं. तयार लादी नीट बघा, कडा आरपार दिसतात, मधोमध पांढरट पट्टा असतो. पाण्यात विरघळलेल्या क्षारांना आणि हवेला बर्फ आपल्यात घेत नाही, मध्ये ढकलत नेतो. पेशीच्या बाहेर बर्फ धरला की असंच होतं. उरलेलं पाणी खारट होत जातं आणि पेशीतलं पाणी ओढून घेतं. पेशी नुसत्या थंडीपेक्षा या सुकण्यानेच जास्त मरते.

अंटार्क्टिकाचे मासे उणे १.९ अंशांच्या समुद्रात राहतात. त्यांच्या रक्तातली काही प्रथिनं बर्फाच्या कणाला चिकटून त्याची वाढ रोखतात. आर्थर डीव्हरीज या संशोधकाने १९६० च्या दशकात हे दाखवून दिलं. सुंदर युक्ती आहे, पण उणे ८० ला ती पुरणार नाही. तिथे अमोनिया हवा, आमच्या कॉम्प्रेसरमधून फिरतो तोच. पाण्यात साधारण एक तृतीयांश अमोनिया असेल तर ते मिश्रण जवळपास उणे ९७ पर्यंत गोठत नाही. प्रमाण घसरलं की बर्फाचे कण धरू लागतात, म्हणून ते प्रमाण सांभाळणारा एखादा अवयव त्याला द्या. आपली मूत्रपिंडं मीठ सांभाळतात तसा. आणि हा प्राणी कोकण किनाऱ्यावर उतरवलात तर पौषातल्या दुपारीसुद्धा त्याचं रक्त उकळू लागेल.

पेशीच्या आवरणाचाही विचार करा. ते स्निग्ध रेणूंचं असतं आणि ते थिजून चालत नाही. दापोलीकडे थंडी पडली की खोबरेल बाटलीत थिजतं, तारलीचं तेल मात्र पातळच राहतं. खोबरेलातले रेणू सरळ, ते एकमेकांना चिकटून बसतात. माशाच्या तेलातले वाकडे, त्यांना नीट रचून बसता येत नाही. तुमच्या प्राण्याच्या आवरणातले रेणू याहून कितीतरी वाकडे आणि आखूड लागतील.

श्वासाला ऑक्सिजन देऊ नका, अमोनियाशी त्याचं जमत नाही. हायड्रोजन घेऊन मिथेन सोडणारे जंतू आपल्याकडे गाईच्या पोटातही आहेत, तो मार्ग बरा.

खरी अडचण वेगाची आहे, आणि कथांमध्ये नेमकी तीच विसरली जाते. दर १० अंश घसरणीला शरीरातल्या रासायनिक क्रिया ढोबळमानाने निम्म्या होतात. आपल्या ३७ अंशांपासून उणे ८३ पर्यंत बारा वेळा निम्मं करा, वेगाचा जेमतेम चार हजारावा भाग उरतो. आपल्या हृदयाचा सेकंदाचा ठोका तिथे तासाभराहून जास्त वेळ घेईल. तिथल्या जीवाची विकरं, म्हणजे या क्रियांना वेग देणारी प्रथिनं, जास्त लवचीक असतील, त्यामुळे प्रत्यक्षात इतकी घसरण होणार नाही. तरी तो संथच राहणार. त्याचं आयुष्य हजारो वर्षांचं ठेवलंत तरी मला खटकणार नाही.

मग झडप कशी? मँटिस श्रिंप या कोळंबीसारख्या समुद्री प्राण्याकडून घ्या. तिचा स्नायू हळूहळू ताणून कवचाची स्प्रिंग भरतो, अटकाव सुटला की फटका बसतो. स्नायू संथ असला तरी चालतं, कारण वेग स्प्रिंगचा असतो. तुमचा प्राणी महिनाभर स्प्रिंग ताणत खडकासारखा पडून असेल, यानातली माणसं त्याला खडकच समजतील. एकदा झडप चुकली की त्यांच्या हातात पुढचा महिना आहे.